मांडवातून आलेला माझा आवाज

बाई, माझा तुमच्यावर संशय आहे. तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली, तरी तो काही जात नाही.

कुवेतला असलेल्या एका माजी विद्यार्थ्याने पेणच्या आपल्या शाळेला बिनतारी माइक पाठवला होता. मागच्या बाकावरच्यांनीही बोलावं, म्हणून तो वर्गभर फिरवायचा. अगदी तसाच दुसरा त्याने समोरच्या गणेश मंडळाला दिलेला. तुम्ही माइक उलटसुलट करून बघितलात. "वायर नाय, मग आवाज जातो कुठं? हेडमास्तर ऑफिसात बसून ऐकत असतील." आम्ही तोंडं दाबून हसलो. पण माइकसोबत आलेला स्पीकरचा खोका चालू केला आणि त्यातून मंडळाचा माणूस बोलायला लागला, "कुणाची छत्री हरवली असेल तर मांडवात या." तुमचे डोळे बारीक झाले. "त्यांचं आपल्यात येतंय, म्हणजे आपलंही त्यांच्यात जात असणार. ठेवा ते कपाटात!"

त्याच आठवड्यात मी रडत तुम्हाला सांगितलं, की दसरा झाला की आई मला मिठागरावर नेणार, शाळा बंद. तुम्ही नुसता हजेरीपट मिटलात. मला असा राग आला! बाई रोह्याहून गाडीने येणार नि जाणार, त्यांना काय पडलंय आमचं? आणि दुसऱ्याच दिवशी तुम्ही कपाट उघडून माइक थेट माझ्या हातात देता. आई मांडवापुढे दुर्वा-फुलं विकायला बसलीय, हे मीच तुम्हाला सांगितलेलं. "सांग गो, शाळा सोडतेस ती कुणाच्या मर्जीने?" हजेरीलाही पुटपुटणारी मी बोलून गेले, "मला नाय सोडायची, बाई. पण आईला सांगायला भ्या वाटतं."

मांडवातल्या कर्ण्यातून अख्ख्या बाजाराने ते ऐकलं. आई पाटी तिथेच टाकून वर्गाच्या दारात हजर. "सगल्या बाजारान माजी लाज काढलीस गो!" तुम्ही साळसूदपणे म्हणालात, "मेलं हे यंत्र! मी म्हटलंच होतं." पुढे कित्येक दिवस आई माझ्याशी बोलली नाही, पण मिठागराचं नावही तिने काढलं नाही. "ती बाई बेरकी हाय," एवढंच शेवटपर्यंत म्हणायची.

तुम्ही आजारी होतात तेव्हा रोह्याजवळ अष्टमी गावातल्या तुमच्या घरी येऊन मी तुमच्या उशाशी बसले होते. प्रश्न ओठांवर होता, विचारला नाही. तुम्हाला लिहिलेले हे कागदही मी कुठे पाठवणार नाही. "नाय गो, आवाज मांडवात जातो हे मी विसरलेच होते," असं तुम्ही म्हणाला असतात तर? माझ्यासाठी कुणीतरी एकदा ठरवून लबाडी केली, एवढं मला हवं आहे, बाई. अजूनही.