डोंग्यातली पुढची जागा

रुपाली,

ज्वारीचं पोतं घरात शोधू नको, मी ते नळगंगा धरणावर नेलं आहे. होड्यांच्या शर्यतीसाठी डोंगा मी दोघांच्या वजनाचा बांधला. तुझी आई होती तेव्हा म्हणायची, "पुढं मीच बसतो, तुम्हाले वाट समजत नाही." आता मागं एकटा बसलो की पुढचं टोक वर उचलतं आणि वारा डोंगा फिरवतो. म्हणून तिच्या जागेवर पोतं ठेवून पाहतो.

भाजी झाकून ठेवली आहे.

शर्यतवाल्यांना फोन करून विचार, जोडीत नाव दिलेल्याला एकट्यानं उतरू देतात का. ते म्हणतील, दुसरं माणूस काऊन नाही? ते तूच सांग. मी फोन लावला होता, पण तेवढं सांगणं माझ्याच्यानं झालं नाही.

बाबा