शनिवारची पुरवणी

मी, परशुराम शंकर केळुसकर, वय वर्षे ७४, सेवानिवृत्त अव्वल कारकून, राहणार मेढा, मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे आणि माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. असलाच तर तो लाजेचा आहे. कायद्यात तो धरत नाहीत, असे वकील म्हणाले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. मेढ्यातील माझे राहते घर, मागचे चार माड आणि बँकेतली शिल्लक माझी पुतणी संचिता हिला मिळावी. माझी पत्नी सुगंधा गेल्यावर तिनेच माझे सारे केले.

२. लाकडी शिडी संचिताचे वडील, म्हणजे माझे बंधू गुरुप्रसाद, यांस द्यावी. २००९ साली आंबे काढायला म्हणून त्यांनी ती नेली आणि परत आणली तेव्हा एक पायरी कमी होती. ती पायरी त्यांच्याकडेच आहे, तेव्हा उरलेली शिडीही तिथेच शोभेल.

३. माझे तीन शब्दकोश वाचनालयास द्यावेत. ते तांदळाच्या पिंपामागे आहेत. शब्दकोश कोणी पिंपामागे का ठेवतो, असे संचिता विचारील. उत्तर पुढच्या कलमात आहे. ते लिहायला मला चार महिने लागले.

४. बाजारपेठेत बाबुश आंतोन डिमेलो याचे शिलाईचे दुकान आहे. १९९८ पासून दर रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही दोघे तिथे बसून वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीतले मोठे शब्दकोडे सोडवत असू. प्रत्येकाचा अंक वेगळा, शब्दकोश वर्ज्य, आधी पुरे करील तो जिंकला. हरणाऱ्याने मालवणी खाज्याचा पुडा आणायचा. पुडा बहुतेक मीच आणत असे. बाबुश सातवी शिकलेला, पण गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत त्याच्या कोटाचे माप डोळ्यांनी घेणारा. रिकाम्या चौकटींकडेही तो तसाच बघे. माझ्या मसुद्यात तर तहसीलदारसुद्धा काना-मात्रा बदलत नसत. आणि दुकानात येणारा-जाणारा मला विचारी, "काय सायबानू, आज पण टेलरच जिंकलो?" मी हसत असे. आतून जळफळाट होई.

२०१५ च्या पावसाळ्यात एका शनिवारी मी एसटी स्टँडजवळ धनेशच्या पेपर स्टॉलवर गेलो. तो रविवारच्या पुरवण्यांचा गठ्ठा सोडत होता. मी विचारले, "ही आजच इली?"

"दर शनिवारी येता, काका. उद्या नुसती अंकात सारूची."

मी एक मागून घेतली. वाचायला निवांत वेळ मिळतो, असे त्याला सांगितले. त्या बिचाऱ्याचा यात काडीचा दोष नाही.

त्या दिवशी शब्दकोश घेऊन बसलो आणि कोडे पुरे केले. रविवारी दुकानात नव्या अंकात तेच पेनाने भरले. एकही खोडाखोड नाही. मधूनमधून कपाळ खाजवले, एका शब्दाला मुद्दाम अडलो. चोरीपेक्षा त्या नाटकाची मला जास्त लाज वाटते. पुढे नऊ वर्षे मी दर शनिवारी पुरवणी आणली आणि दर रविवारी बाबुशचे खाजे खाल्ले.

आधी तो हरला की हसायचा. मग त्याने चष्मा बदलला. मग घाईघाईने भरू लागला आणि चुकू लागला. गेल्या वर्षी डिसेंबरात एका रविवारी त्याने अर्ध्यातच पेन्सिल खाली ठेवली.

"परशा, माका आता कायव सुचत नाय रे. तू पेनान भरतस, आणि माझ्याकडे नुसतो रबराचो भुगो पडता. माझी बुद्धी गेली. उद्या कोणाच्या लग्नाच्या कोटाचा माप चुकला तर तोंड खंय दाखवू?"

नाताळच्या ऐन हंगामात त्याने दुकानाचे शटर ओढले, ते आजपर्यंत बंद आहे. मुलगी डेल्सी त्याला गोव्याला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. सगळे तपासून त्यांनी काही झालेले नाही असे सांगितले. बाबुशला पटले नाही. "डॉक्टराक कोडा खंय येता?" तो मला म्हणाला. डॉक्टरांपेक्षा त्याचा माझ्यावर विश्वास होता. तेव्हा मी बोलायला हवे होते. मी म्हणालो, "वय झाला बाबुश, चालायचाच."

माझ्या आयुष्यातले सर्वांत हलकट वाक्य ते हेच. बाबुशची बुद्धी कुठेही गेलेली नाही. तो शब्दकोशाशिवाय, एका सकाळीत, एका लबाड माणसाच्या आदल्या दिवसाशी झुंजत होता.

५. सदर बाबुश डिमेलो यास मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही. पहिल्या मसुद्यात देत होतो: माझे पेन, आणि सोबत माझ्या मृत्यूनंतर उघडायचे बंद पाकीट. वकिलांना ते पसंत पडले. मलाही पडले. चार दिवसांनी उमगले की, मी मेल्यावर खरे बोलायची सोय करून ठेवतो आहे आणि तोवर बाबुश घरी खुर्चीत बसून आपल्या डोक्याला दोष देणार. शिवाय वकील म्हणाले, ज्याला काही द्यायचे त्याला साक्षीदार करू नये. मला बाबुश साक्षीदार म्हणून हवा आहे. तो विजेच्या बिलावरही वाचल्याशिवाय सही करत नाही. हा कागद त्याच्या हातात देऊन मी समोर बसणार आहे. तो काय म्हणेल याची मला भीती वाटते.

आज शनिवार आहे. धनेशकडे पुरवणी आली असेल. मी गेलेलो नाही.

वरील सर्व मी समजून-उमजून लिहिले असून त्याखाली दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही करीत आहे.

स्थळ: मालवण
दिनांक: ४ ऑक्टोबर २०२५
(सही) परशुराम शंकर केळुसकर

साक्षीदार क्र. १: डॉ. सिद्धेश धुरी. मृत्युपत्र करणाऱ्यांनी माझ्यासमोर सही केली. ते पूर्ण शुद्धीवर आहेत.

साक्षीदार क्र. २: बाबुश आंतोन डिमेलो, शिंपी. दोनदा वाचलंय. पयल्यांदा कागद फाडूचो वाटलो. परशाची बुद्धी शाबूत आसा. माझी पण आसा, ता आज कळला. म्हणान सही करतंय. उद्या धा वाजता दुकान उघडतलंय. पेन्सिल घेवन ये.