भुकटी, खळ आणि राजीचं लुगडं

भवानी पेठ, सोलापूर
वैशाख शुद्ध पंचमी

तीर्थस्वरूप सिद्राम दाजींच्या चरणी धाकटा मेव्हणा सोमलिंग याचा दंडवत. इकडे सर्व क्षेम. आपल्या डोळ्यांतला मोतीबिंदू पिकला की अजून कच्चाच आहे? अक्काचे गुडघे कसे आहेत? आपल्या लेकीच्या, राजीच्या लग्नाला आठ दिवस राहिले. मामाच्या हातचं पिवळं लुगडं नेसल्याशिवाय आपल्यात नवरी बोहल्यावर चढत नाही, हे मी विसरलेलो नाही. ताणा रंगवून झाला आहे. काळजी नसावी. (निदान या पानावर तरी नसावी.)

आज लिहायचं आहे ते एका चमत्काराविषयी. माझं पोट आपल्याला ठाऊकच आहे. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी खाल्ली की दुपारभर आत मोट चालायची आणि ढेकर असे, की शेजारची म्हैस मान वळवून बघायची. ओवा झाला, हिंग झाला, शिवम्माच्या माहेरचा अंगारा झाला. शेवटी दवाखाना गाठला. डॉक्टरांनी बोटभर बाटली दिली. आत पिवळसर भुकटी. जेवणावर चिमूटभर घ्यायची. एवढ्याशाने काय होणार, असं माझ्या तोंडावर दिसलं असावं. कंपाउंडर कासीमभाईंनी आपल्या डब्यातली घट्ट पेज वाटीत घेतली, चिमूट टाकून ढवळली आणि म्हणाले, "अब देखो सोमलिंगअण्णा, ही दवा तुमचं जेवण तुमच्या आधी जेवती." त्यांचा पानाला चुना लावून होतो न होतो, तोच चमचा उभा राहील अशी ती पेज पाण्यासारखी वाहू लागली. दाजी, माझ्या अंगावर काटा आला. चूल नाही, विस्तव नाही, दात नाहीत! कुणा शहाण्याने माणसाचं पोटच बाटलीत भरलं आहे. चार दिवसांत मी तीन भाकऱ्यांवर आलो, वर गुळाचा खडा. म्हैस आता माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही.

असलं अद्भुत एकट्याने बघणं म्हणजे पाप. मी सगळ्या बोळाला बोलावलं. आधी पेजेची वाटी झाली, मग लापशीची. लोकांची हौस फिटेना. ओट्यावर खळीचं पातेलं निवत होतं. (आपण शेतकरी, म्हणून सांगतो: पिठाची ही खळ ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला, पाजून वाळवली की सूत ताठ होतं, मागावर तुटत नाही.) मी सात पिढ्यांचा विणकर, पण त्या घटकेला मला खळ दिसलीच नाही, नुसती मोठी वाटी दिसली. दोन चमचे भुकटी टाकली. पातेलंभर खळीचं पाणी! शेजारच्या मायाक्काने पातेल्याला हात जोडले. मीही जोडले.

आपणही ही भुकटी अवश्य घ्यावी. लहानांस आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
सोमलिंग

ता. क. लुगड्याविषयी थोडं राहिलं. शिवम्माने बाजारातून येऊन नवी खळ केली. एवढं पीठ फुकट कशाला घालवा, म्हणून मी जुनं पाणी गुपचूप तिच्यात मिसळलं आणि लगेच ताण्याला पाजलं. उन्हात वाळेपर्यंत खळ गायब. वरून पुन्हा पाजली, तीही ताण्याने पचवली. (भुकटी खरोखर गुणाची आहे.) आता आडव्या सुताचा धोटा फेकला की उभं सूत तुटतं. शिवम्मा म्हणते, "तुमचं प्वाट सुदारलं, अन् राजीचं लगीन आडलं की!" अठरा हातांपैकी पाच हात विणून झाले आहेत.

ता. क. दुसरा. खरं काम असं, की अक्काच्या लग्नातलं, आमच्या मामांनी विणलेलं पिवळं लुगडं तिच्या पेटीत तळाशी आहे. ते हे पत्र आणणाऱ्या मौलालीच्या मोटारीतून पाठवावं. माझे पाच हात वर ठेवून अशी घडी घालतो, की मांडवात कुणाला पत्ता लागणार नाही. अक्काला मात्र एक अक्षर कळू देऊ नये. तिला तोंड दाखवायची मला लाज वाटते.

ता. क. तिसरा. मौलाली दारात भोंगा वाजवतो आहे, दुसरा कागद लिहायला सवड नाही, आणि शिवम्मा आत्ता विचारते आहे, की दाजींना मोतीबिंदू, मग त्यांना पत्र वाचून कोण दाखवतं?

अक्के, वाचलंस ना सगळं? शिव्या मांडवात दे. तुझं लुगडं विणताना सुतं तुटायची, ती मामांशेजारी बसून मीच सांधली होती; त्यात माझ्याही हातच्या गाठी आहेत. राजीला तेच नेसव. पेटीची किल्ली तुझ्याच कमरेला आहे.