वेस बांधली त्या मंगळवारी

आई, आपल्या गावाची वेस नेमकी कुठे, हे आता कुणाला सांगायचं म्हणजे पंचाईत आहे. एका बाजूला टॉवर, दुसऱ्या बाजूला ठाकुर्लीकडे जाणारा रुंद रस्ता, आणि त्याच्या कडेला आपला चेडोबा, शेंदूर फासलेला, डोक्यावर पत्रा. रिक्षावाले त्याच्या आडोशाला चहा पितात. पण गाव राखणारा म्हणून अजून तोच आहे. पावसाळ्याआधीच्या मंगळवारी भगत गावाभोवती तांदूळ टाकत फिरतो, वेस बांधतो, आणि संध्याकाळी चेडोबाला कोंबडा देईपर्यंत गावातल्या माणसाने ती ओलांडायची नाही. हल्ली भगताचा मुलगा स्कूटरवर मागे बसून तांदूळ टाकतो. तू असतीस तर त्याला कान धरून खाली उतरवलं असतंस.

बाबा गेले तो दिवस मला अजून दिसतो. तू चुलीपाशी भाकरी थापते आहेस, बाबा सदरा घालतात. वीटभट्टीच्या मालकाचा निरोप आलाय, आजच या. "आज येस वलांडू नको," तू वर न बघता म्हणतेस. "भट्टी माझ्यासाठी थांबनार हाय का?" म्हणत बाबा निघतात. दुपारी विटांची रास त्यांच्या अंगावर कोसळली. गावाने लगेच सांगून टाकलं, वेस ओलांडली म्हणून. मी म्हटलं, दगडाला काय कळतंय, मालकाने रास कच्ची रचली होती. तू तेराव्याच्या पाहुण्यांसमोर माझ्या मुस्काटात मारलीस. पुढे दर रविवारी तू चेडोबाला शेंदूर लावायचीस आणि लावता लावता शिव्याही घालायचीस, "माझा मानूस परत आनता नाय आला तुला? कसली राखन करतंस?" मला तुझी लाज वाटायची, रागही यायचा. ज्याने नेला त्यालाच वर नारळ!

मागच्या वर्षी तुझ्या सुनेचं डायलिसिस नेमकं त्या मंगळवारी आलं. ती दारातच अडून बसली. "उद्या जाऊया ना. सासऱ्यांचं काय झालं ते माहितेय ना तुम्हाला?" मी ओरडलो, "पुरे झालं. बस रिक्षात." कल्याणच्या हॉस्पिटलात सगळं नीट झालं. येताना तिने वेशीपाशी रिक्षा थांबवायला लावली, उतरायची ताकद नव्हती म्हणून आतूनच हात जोडले. श्रावण लागायच्या आत ती गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं, त्या दिवशी आणलं नसतं तर तेव्हाच गेली असती. ते सगळं मला पटतं. पण दहाव्याला शेजारच्या म्हातारीने नुसतं माझ्याकडे बघून मान हलवली, त्याचं मी काय करू?

आणि परवा पुन्हा तो दिवस. तुझी नात सकाळी बॅग अडकवून उभी. वर्तकनगरला नोकरी लागलीय तिला, नवीनच. "पप्पा, निघू ना? सर सुट्टी नाही देणार. पण तुम्ही नको म्हणालात तर नाही जात, खरंच." घरात आम्ही दोघंच उरलोय गं. "जा," म्हटलं, "डबा विसरू नकोस." ती वळणाआड गेली तसा मी चपला घालून थेट चेडोबापाशी जाऊन बसलो. तुझ्यासारखे त्याला चार शब्द सुनावायचे होते. तिथे बसल्यावर मला तुझ्या शिव्या कळल्या. भट्टीवाला मयतालाही आला नव्हता. तू जाब विचारणार तरी कुणाला?

"काका, कोणाची वाट बघताय?" एका रिक्षावाल्याने विचारलं आणि चहा दिला. मी तिथून हललो नाही. कोंबडा देऊन माणसं घरी गेली तरी बसूनच होतो. अंधार पडता पडता ती रस्ता ओलांडून आली आणि मला बघून दचकली. "पप्पा, तुम्ही इथे? जेवलात का?" म्हटलं, जरा हवा खायला आलो होतो.

हे पत्र चेडोबाच्या पायाशी ठेवणार होतो, तुझ्यापर्यंत पोचवेल म्हणून. नाही ठेवणार. माझ्या बायकोला ज्याने राखलं नाही, त्याच्या हाती तुझा निरोप कसा देऊ? पण तुझ्यापासून काय लपवायचं, आई, परवा पोरीला पुढे घरी पाठवून मी मागे थांबलो आणि त्याच्यापुढे नारळ फोडला. पहिल्या फटक्यात फुटलाच नाही, पुन्हा आपटावा लागला.