चावीफेरी

वर्तकनगर, ठाणे
सोमवार, २० एप्रिल

प्रिय भिवा,

नमस्कार. आवडावहिनींना सांग, त्यांच्या हातच्या बोंबलाच्या चटणीची आठवण काढणारा एक माणूस ठाण्यात अजून शिल्लक आहे. खांदा कसा आहे? हात डोक्यापर्यंत जातो का? खडवलीची हवा तुला मानवली असेलही, पण लेकीकडे किती दिवस काढणार? करिश्मा काही बोलणार नाही, तूच कंटाळशील. बत्तीस वर्षं पालिकेच्या पाण्याची चावी फिरवलेला माणूस रिकामा बसला की घरच्यांचे हाल करतो.

तू फोन उचलत नाहीस, आणि मोबाइलवर काही लिहायची मला अलीकडे भीती वाटते. म्हणून पोस्टात जाऊन पाकीट आणलं.

तुझ्या जागी रघु येतो. पोरगा चांगला आहे, पण पाण्याच्या चेंबरचं झाकण उघडलं की आधी आत वाकून बघतो, जणू कोणी हाक मारणार आहे.

तू रिक्षातून गेल्यानंतर त्या सकाळी काय झालं, ते तुला कोणी सांगितलं नसेल. कोणीतरी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला होता. दुपारी चार वाजता तू मागच्या चाळीच्या चेंबरवर लांब चावी घेऊन वाकलेला, आणि खाली ओळ: ‘रोजे त्यांचे, पाणी आपलं.’ तेवढ्यावर दुसऱ्या दिवशी आमच्या सोसायटीतली पंचवीस-तीस माणसं तुझ्याभोवती जमली. धक्काबुक्कीत तू लोखंडी झाकणावर पडलास. चाळीतल्या गादीवाल्या हनीफभाईंनी तुला रिक्षात घातलं. पण तुला पडलेलं पाहून चाळीतले लोकही बाहेर आले, आणि रस्त्याच्या दोन बाजूंना दोन घोळके उभे राहिले. कोणाच्या हातात काय होतं ते मी लिहीत नाही.

तेवढ्यात निशिगंधा मॅडम आल्या, आपल्या प्रभागाच्या सहायक आयुक्त. गाडी लांब ठेवून चालत आल्या. मला वाटलं, आता बंधुभावावर भाषण होणार. पण बाई म्हणाल्या, “चार माणसं ह्या बाजूची, चार त्या बाजूची, माझ्याबरोबर चला. बाकीच्यांनी इथेच थांबायचं आणि मोबाइल खिशात.” आठ जणांना घेऊन त्या शाळेच्या कंपाउंडमागे गेल्या. तिथे फुटलेली पाइपलाइन दाखवली. चाळीला तीन दिवस पाण्याचा थेंब नव्हता, म्हणून एक तास जादा पाणी सोडायचा हुकूम त्यांनीच काढला होता. तो कागद तुझ्या खिशात होता, भिवा, पण तुला तो काढू कोणी दिला नाही. मग आठही जणांना त्यांनी आमच्या गच्चीवर नेलं. आमच्या टाकीचा बॉलकॉक अडकला होता! महिनाभर आमचं पाणी आमचीच टाकी घेत नव्हती.

आठांत चौथ्या मजल्यावरचा मितेश होता. खाली येऊन त्यानेच सगळ्यांना मोठ्याने सांगितलं की आपलं पाणी कोणी पळवलेलं नाही. अर्ध्या तासात रस्ता मोकळा झाला. मी आयुष्यभर पालिकेच्या नावाने बोटं मोडली, तुझ्यासमोरही मोडली, पण त्या दिवशी मला बाईंपुढे हात जोडावेसे वाटले.

त्या एवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांचं म्हणणं, भडका उडाला की पोलीस धावतात, तो उडू नये म्हणून धावायचं काम पालिकेचं. त्यांनी चावीफेरी सुरू केली. दर बुधवारी सोसायटीतला एक आणि चाळीतला एक, दोघांनी रघुबरोबर सगळे चेंबर फिरायचे आणि चावी स्वतःच्या हाताने फिरवायची. पाण्याचा, भोंग्याचा, मंडपाचा, कसलाही मेसेज आला की पुढे पाठवायच्या आधी प्रभाग कार्यालयात फोन करायचा. तासाभरात दोन्हीकडचा एकेक माणूस जागेवर जाऊन बघणार आणि दोन्ही ग्रुपवर एकच मजकूर टाकणार. मागच्या आठवड्यात मेसेज फिरला की चाळीतल्या लग्नाच्या मंडपाने अँब्युलन्सचा रस्ता अडवलाय. टेप घेऊन गेलो. मंडप रस्त्याच्या कडेपासून तीन फूट आत होता. तसं लिहिलं, विषय संपला. नवऱ्या मुलीच्या बापाने आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

‘आम्हाला’ म्हणजे हनीफभाईंना आणि मला. हो, सोसायटीतर्फे मी जातो. माझं नाव मॅडमनी घातलं. ते कसं, हे आता सांगतोच.

त्या प्रकारानंतर दोन दिवसांनी त्या माझ्या घरी आल्या. पाणी प्यायल्या, गुडघेदुखीची चौकशी केली, मग गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. तिथून मागच्या चाळीचा चेंबर समोरच दिसतो. “इथून अगदी स्वच्छ दिसतं हो, काका,” एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी चावीफेरीच्या समितीत नाव घातल्याचं पत्र आलं.

भिवा, वर मी ‘कोणीतरी फोटो टाकला’ असं लिहिलंय. तो मी टाकला. खालची ओळही माझीच.

नळाला करंगळीएवढी धार येत होती, डोकं फिरलं होतं, हे खरं आहे. पण तेवढंच नाही. त्या ग्रुपवर मी रोज सकाळी सुविचार टाकायचो, कुत्रं विचारत नव्हतं. ह्या फोटोला दहा मिनिटांत बेचाळीस उत्तरं आली. कोणी ‘काका, तुम्ही डोळे उघडलेत’ लिहिलं. मला फार बरं वाटलं, भिवा. ते बरं वाटणं मला आज सगळ्यात जास्त टोचतं. चावीवर वाकलेला माणूस तू आहेस हे मला दिसत होतं. गॅलरीतून हाक मारून विचारलं असतं तर तू खिशातला कागद दाखवला असतास. मला विचारायचंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तू पडलास, तेव्हाही मी गॅलरीतच होतो. खाली आलो नाही.

मग मी फोटो पुसून टाकला. सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे, पण वयाकडे बघून कोणी तोंड उघडलं नाही. तू मितेशवर राग धरलास, कारण तुझ्या मोबाइलवर फोटो आला तो त्याच्याकडून. त्याने तो पुढे पाठवला, ही त्याची चूक, आणि तो ती कबूल करतो. पण काढला कोणी, हे त्याने तुला सांगितलं नाही. माझ्या निम्म्या वयाचा माणूस माझं पाप पोटात घालून हिंडतोय आणि मी बुधवारी बुधवारी सलोख्याची चावी फिरवतोय.

येत्या रविवारी पालिकेच्या शाळेत तुझा सत्कार आहे. दोन्हीकडची माणसं येतील. ‘मितेश असेल तर मी येनार नाय, पुन्हा त्या गल्लीत पाय ठेवनार नाय,’ असा निरोप तू रघुकडे दिलास, तो मला कळला. आणि शाल तुझ्या खांद्यावर मी घालावी, असं समितीने ठरवलंय, तुझा सगळ्यात जुना मित्र म्हणून.

आज सकाळी प्रभाग कार्यालयात जाऊन मॅडमना सगळं सांगायला लागलो. त्यांनी पहिल्याच वाक्याला थांबवलं.

“मला माहीत आहे, काका. ज्याला माहीत नाही, त्याला सांगा.”

मी विचारलं, मग तुम्ही मला समितीत घेतलंतच कशाला? त्या म्हणाल्या, “तुम्हाला बाहेर ठेवलं असतं तर तुम्ही गॅलरीतच राहिला असता.”

म्हणून हे पत्र. माफ कर असं लिहायला हात धजत नाही. खांदा तुझा मोडलाय, त्याचं काय करायचं ते तू ठरव. मितेशवरचा राग मात्र काढून टाक आणि रविवारी ये. तू आला नाहीस तर लोक म्हणतील, चावीवालाच परतला नाही, फेऱ्या कसल्या मारता. बाईंनी एवढ्या कष्टाने जे उभं केलंय, ते माझ्यामुळे पडायला नको. शाल हनीफभाई घालतील, मी त्यांना सांगून ठेवलंय. त्यांनी कारण विचारलं, तेही सांगितलं. गादीला टाका घालत ते म्हणाले, “भिवाला सांगितल्यावर ये. मग बोलू.”

मी रविवारी गॅलरीत नसेन. खाली, शाळेच्या फाटकाशी उभा असेन. तू माझ्याशी न बोलता आत गेलास तरी चालेल.

तुझा गुन्हेगार,
प्रभाकर