पंधरा मिनिटं पुढे

मंगळवार. संध्याकाळचे सात. आमच्या भिंतीवर सव्वासात, कारण गिरणीचा भोंगा चुकू नये म्हणून आजोबांनी घड्याळ पुढे लावलं होतं. वेळ बघायलाही त्यांनी मला त्याच्यावरच शिकवलं. म्हणूनच आज मला कळलं.

हॉस्पिटलात अपघाताच्या रुग्णांना उपचार किती लवकर मिळतात, ते तपासणं माझं काम. डिलाईल रोडला परांचीवरून पडलेला रंगारी कागदावर दहा मिनिटांत स्कॅनला गेला. मी तिथेच उभी होते. पंचवीस मिनिटं लागली. स्कॅनचं घड्याळ बरोबर आहे, कॅज्युअल्टीचं पंधरा मिनिटं पुढे, आणि रुग्ण आल्याची वेळ त्यावरूनच लिहितात.

सिस्टर हसल्या. "अगं, ड्युटीला उशीर नको म्हणून आम्हीच लावलंय."

डॉक्टर वैतागले. "वर्षभराचे आकडे बिघडवणारेस का?"

"बिघडलेलेच आहेत, सर." मी बोलले हे? हो, बोलले.

सगळे फॉर्म पुन्हा भरणार. काढलं कामावरून तर? काढू देत. तो माणूस पंधरा मिनिटं जास्त कण्हला, आणि ती कुठल्याच कागदावर नाहीत.

आत्ता स्टुलावर चढले, तर आई ओरडली, "आजोबांच्या घड्याळाला हात लावू नकोस हां!"

लावला. काटे पंधरा मिनिटं मागे घेतले. आता आमच्याकडेही खरे सात.