नववा फर्मा आधी

३ मार्च, सकाळी ९
पुस्तक आलं. 'तांब्याचं रक्त'. सायबरपंक कादंबरी. पानं २०८, खून एकोणतीस. सहा वर्षं एक्स-रे सेंटरच्या टेबलाखाली वही धरून लिहिली. प्रत्येक खून हाडाच्या नेमक्या नावासकट आहे. हे इतर लेखकांना जमणार नाही, कारण ते हाडं बघत नाहीत.
निश्चय: वाचकांच्या प्रतिक्रिया अजिबात वाचायच्या नाहीत. लेखकाने लिहावं आणि बाजूला व्हावं.

सकाळी ९.४०
वाचकांच्या ग्रुपवर सहज नजर टाकली. प्रतिक्रिया नाहीत.

सकाळी १०.१५
अजून नाहीत. पेशंट ओरडली, हात किती वेळ असाच वर धरू म्हणून. लोकांना धीर म्हणून नाही.

४ मार्च
सासूबाईंना फोनवर 'सायबरपंप' ऐकू आलं. पाण्याचं पुस्तक का, म्हणाल्या. बायको पान ३१ वर थांबली. म्हणाली, फार मारामारी आहे हो. म्हटलं, अगं ही तर सुरुवात, अजून सव्वीस मरायचेत. तिने पुस्तक मिटलं आणि भाजी निवडायला घेतली. ती माझी वाचक नाही. वाईट वाटून घ्यायचं नाही, असं ठरवलं. घेतलं.

७ मार्च, सकाळी
पहिला वाचक! कोपऱ्यावरचे दाताचे डॉक्टर. फोन केला. म्हणाले, अहो, काय केलंत हे! सात नंबर मेला, आणि पुढच्या पानांत आरशासमोर उभा राहून दात घासतोय, गुणगुणतोय! मेल्यावर! मी खुर्चीतून उठलो, पेशंट तोंड उघडं ठेवून बसला होता त्याला विसरलो.
ऐकून मीही माझ्या पेशंटला विसरलो. असं मी लिहिलेलं नाही.

सात नंबर म्हणजे माझा नायक. नसांऐवजी तांब्याच्या तारा. पान ११३ वर तो दात घासतो, मग टॉवर चढतो, आणि पान १४० वर कंपनीचा मालक, पोलादी जबड्याचा, त्याचं मुंडकं एका घासात तोडतो. पुढे मुंडकं काचेच्या बरणीत जिवंत राहून सूड घेतं. सरळ, स्वच्छ, शास्त्रशुद्ध.

७ मार्च, अर्ध्या तासाने
प्रत उघडली. पान ११२ नंतर पान १२९. मग १४४ नंतर ११३. सोळा पानांचा एकत्र शिवलेला गठ्ठा म्हणजे एक फर्मा, आणि इथे आठवा फर्मा नवव्याच्या मागे शिवलाय. मला मिळालेल्या पाचही प्रतींत तेच.
बाइंडरला मी जिवंत सोडणार नाही. आधी बोटं. मग मनगट, त्यात आठ हाडं असतात, सावकाश. मग त्याच्याच कटिंग मशीनमध्ये मान.
आज नको. आज सेंटरला दोन मणके आणि एक गुडघा आहे.

८ मार्च
प्रकाशकाला फोन करून सांगितलं की रक्त सांडणार. तो म्हणाला, ओरडू नका, ग्रुप बघा.
बघितला. त्रेचाळीस प्रतिक्रिया. 'मेंदू हॅक झाल्यासारखं वाटलं.' 'पानांचे आकडेसुद्धा नायकाच्या डोक्यासारखे बिघडतात, केवढं धाडस!' एका बाईंनी लिहिलं, पान ११३ ला मी ढसाढसा रडले. टूथपेस्टवर कुणी रडू शकतं हे मला माहीत नव्हतं.
एकच माणूस म्हणतो, पानं चुकलीत, पुस्तक बदलून द्या. त्याचं प्रोफाइल गिधाडाच्या फोटोचं. बाकीचे त्याच्यावर तुटून पडले. कुणी अडाणी म्हणालं, कुणी मेंदूची वायर तपासायला सांगितली.
हा गिधाड खरा वाचक. त्याच्या बाजूने उभं राहणं हे लेखक म्हणून माझं कर्तव्य आहे. आजच लिहितो.

८ मार्च, दुपारी
लिहिलं. 'हा क्रम पूर्ण योजनापूर्वक आहे. काहींना झेपणार नाही. मूर्खांसाठी मी लिहीत नाही.' दोनशे बारा लाइक.
गिधाडाला नंतर खाजगीत समजावून सांगेन.

१४ मार्च
आज सूड. सेंटरमधून हाफ डे घेतला. तीन दिवस आरशासमोर ठोसा घोटवला होता, खांद्यापासून, हाड कसं बसवायचं ते मला माहीतच आहे.
बाइंडिंगचं दुकान म्हणजे एक लांब खोली. खळीचा वास, कागदाचे गठ्ठे, मध्ये लोखंडी प्रेस. बाइंडर माझ्या खांद्याएवढा म्हातारा, फर्म्याला घडी घालता घालता वाचत होता. मी म्हटलं, 'तांब्याचं रक्त' तूच बांधलंस का. तो हो म्हणाला. मी पूर्ण ताकदीने ठोसा मारला. त्याच क्षणी तो पडलेली सुई उचलायला वाकला.
प्रेस बिडाची होती.

१४ मार्च, पुढे (डाव्या हाताने)
करंगळीमागचं हाड. आवाज मीच ओळखला. खाली बसून ओरडलो. म्हातारा घाबरला, त्याने पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या कापल्या, बाइंडिंगच्या कापडाने हात बांधून दिला. कोपरे अगदी काटकोनात. मग पाणी देऊन विचारलं, साहेब, प्रेसवर एवढा राग का?
सांगितलं. तो ओशाळला. म्हणाला, चुकून नाही झालं, मीच केलं. चाळीस वर्षं वाचत वाचत बांधतो. तुमचा माणूस एकशेचाळीसला मेला आणि माझा हात चालेना. आठवा फर्मा समोर पडलेला, त्यात तो दात घासत होता, गुणगुणत होता. म्हटलं, थोडा वेळ जगू दे बिचाऱ्याला. उचलला आणि मागे ठेवला. पाचशे प्रतींत.
हा काय गाढवपणा! कादंबरी म्हणजे काय पाळणाघर आहे?
तरी हात चालेना, ही गोष्ट नोंदवून ठेवतो. दोनदा विचारून खात्री केली. खरंच चालेना म्हणाला. त्याला सध्या जिवंत सोडलं आहे.

१५ मार्च
स्वतःचा एक्स-रे स्वतःच काढला. पोझिशन उत्तम. फ्रॅक्चरही स्वच्छ. बायकोला सांगितलं, बाइंडरला धडा शिकवला. ती म्हणाली, मग त्याने पट्टी का बांधली? सगळं सांगावं लागलं. तिने भाजी बाजूला ठेवली. मग पान ३२ पासून पुढे वाचायला घेतलं. कारण सांगितलं नाही.

२२ मार्च
वाचक-भेट. ग्रंथालयाचा हॉल, साठ खुर्च्या, सगळ्या भरलेल्या. ठरवून गेलो होतो: शांत राहायचं, हसायचं, प्लास्टर टेबलाखाली ठेवायचं.
तासभर मस्त चाललं. मग दातांचे डॉक्टर उठले. म्हणाले, खरं सांगू का, भाषा बेताची, मारामारी तीच ती, पण तो पानांचा क्रम! पुस्तकात आहे ते तेवढंच.
टाळ्या पडल्या. माझ्या एकोणतीस खुनांना कुणी विचारेना.
मी उठून ओरडलो की तो क्रम माझा नाही, बाइंडरने केलाय, तुम्ही सगळे एका म्हाताऱ्याच्या लहरीवर रडलात!
मग मागच्या रांगेतून एक धिप्पाड माणूस पुढे आला. म्हणाला, मी गिधाड. मग मला मूर्ख का म्हणालास? आणि कानाखाली आवाज काढला. मी माइकसकट पडलो.
मग सगळेच उठले. रडलेल्या बाईंनी जाड पुठ्ठ्याची प्रत माझ्या टाळूवर तीनदा आपटली, बांधणी सुटली नाही. दाताचे डॉक्टर खुर्ची घेऊन गिधाडावर धावले, कारण क्रमाचा अपमान झाला, आणि फटका बसला मला. तोंडात रक्त, जिभेखाली काहीतरी कडक. वरचा, उजवा, दुसरा. मी प्लास्टरचा हात गरागरा फिरवला. आयुष्यात पहिल्यांदा माझा वार लागला. प्रकाशकाच्या नाकाला. तो सोडवायला आला होता.
जाताना दातांच्या डॉक्टरांनी कार्ड दिलं. सोमवारी या म्हणाले.

२३ मार्च
पहिला पेशंट: प्रकाशक. नाकाचं हाड. त्याला टेबलावर आडवं केलं, श्वास रोखा म्हटलं, आणि सोडा म्हणायला जरा उशीर केला. त्या वेळात दुसऱ्या आवृत्तीचा विषय काढला. क्रम माझा हवा, म्हटलं. तो निळा पडत चालला. सोडल्यावर म्हणाला, भांडणाचा व्हिडिओ सगळीकडे फिरतोय, मागणी वाढली आहे, दुसरी आवृत्ती बाइंडरच्याच क्रमाने निघणार.
रीतसर आणखी दोन एक्स-रे काढले. गरज नव्हती.

२५ मार्च
बायकोने पुस्तक संपवलं. विचारलं, कुठे रडू आलं का? म्हणाली, दात घासताना. म्हटलं, ते माझं नाही. ती म्हणाली, अहो, दात घासणं तर तुम्हीच लिहिलंय ना?
यावर विचार करायला वेळ नाही. नवी कादंबरी सुरू करतोय. खून चौसष्ट.

२ मे
पहिली चौऐंशी पानं झाली. नायक पान ७१ वर मरतो, करवतीने, उभा. लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला.
प्रकाशकाच्या आधी पानं बाइंडरकडे दिली. त्याचं मत वगैरे नको आहे. केवळ बांधणीच्या दृष्टीने. पानांवर आकडे मुद्दाम घातले नाहीत. क्रम मी पाठ केलाय.

५ मे
दुकानावरून सहज गेलो. म्हातारा वाचत होता. हात चालू होता की नाही ते काचेतून दिसलं नाही.

८ मे
पुन्हा सहज गेलो. दुकान बंद. आज सेंटरमध्ये डाव्या पायाऐवजी उजवा काढला.

१० मे
गठ्ठा परत मिळाला. दुकानाबाहेरच्या पायरीवर बसून तपासला. एक ते चौऐंशी. एकही पान जागचं हललेलं नाही! म्हणजे जिंकलो. म्हणजे क्रम मुळातच अचूक आहे.
आत जाऊन विचारलं, काही बदलावंसं वाटलं नाही ना? म्हातारा म्हणाला, नाही साहेब, छान लिहिलंय, मारामारी तर आधीपेक्षा जोरात. विचारलं, आणि पान ७१, तो मरतो तिथे? म्हणाला, तिथे आलो तेव्हा डबा खात होतो. विचारलं, मग? म्हणाला, मग काही नाही, खातच राहिलो.
घरी येऊन बायकोला सांगितलं, बाइंडरने एकही पान हलवलं नाही.
ती म्हणाली, अरेरे.